आक्काला कुठं न्यायचं

"मावशींना घरी कुठं नेणार?" सिस्टरने विचारलं, आणि मी, माझा भाऊ दादा आणि वहिनी एकमेकांकडे बघू लागलो.

तळेगावच्या बाजूच्या एका रुग्णालयातली ही गोष्ट. श्रावण संपत आला होता. माझी थोरली बहीण, आक्का, आयसीयूतून नुकतीच साध्या वॉर्डात आली होती. न्यूमोनिया झाला होता, पण डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तो नुसता शेवटचा धक्का होता. फुप्फुसं आधीच गेलेली होती. वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने ती आतून झिजली होती. तोंडावर घट्ट मास्क बसवून मशीनने श्वास देत त्यांनी तिला परत आणलं. घशात नळी घालायची वेळ थोडक्यात टळली.

आता तिला घरी सोडायचं होतं, आणि घरी सोडणं म्हणजे नुसतं गाडीत घालून नेणं नव्हतं. ऑक्सिजनचं मशीन लागणार होतं, ते बहुतेक कायमचं. झोपताना मास्कचं मशीन. वाफेचं औषध. वीज गेली तर इन्व्हर्टर, तो बंद पडला तर सिलिंडर. त्यासाठी रुग्णालयातल्या एका सिस्टरने आम्हाला समोर बसवलं होतं. वयाने लहान, पण फार शांत मुलगी. ती एकेक विचारत होती. खोली कितव्या मजल्यावर? संडास किती लांब? स्वयंपाक कशावर? घरात दिवसभर कोण असतं? भिंतींना ओल येते का? वीज किती वेळा जाते?

प्रश्न साधेच होते. पण त्यांची उत्तरं द्यायला आधी घर ठरायला हवं होतं, आणि आक्काचं घर कुठलं हे आम्हा भावंडांत कुणी कधी ठरवलंच नव्हतं.

आक्काचं लग्न लवकर झालं होतं, खेडच्या बाजूला. मी तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात होते. दोन-तीन वर्षांत नवऱ्याने दुसरी केली आणि आक्का कार्ल्याला परत आली. कुणी भांडायला गेलं नाही, कुणी तिला परत धाडलंही नाही. मागच्या पडवीला भिंत घालून तिला एक खोली करून दिली. त्या खोलीत तिने आयुष्य काढलं. भाताची लावणी, कापणी, झोडणी, गुरं, आईच्या दुखण्यात वहिनीला हातभार, दादाची दोन पोरं, सगळं तिने केलं. मला पहाटे उठवून एसटीपर्यंत सोडायला तीच यायची. मी शिकले, लोणावळ्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल झाले, रेल्वेतल्या माणसाशी लग्न केलं. कार्ल्याचं घर म्हणजे दादाचं घर, हे सगळे म्हणत. आक्काही म्हणायची, "दादाच्या घरी असते मी."

पुढे दादाने रस्त्याकडच्या खाचरात चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईची, पुण्याची माणसं राहायला येऊ लागली. हायवेला पाटी लावली, 'चुलीवरचं जेवण'. घरात गॅस होता, पण पाहुण्यांना चूलच हवी असायची. तिच्यासमोर उभं राहून ते फोटो काढायचे. मागे पत्र्याची शेड घालून त्यात तीन चुली मांडल्या. एका चुलीवर वहिनी कालवण करायची आणि दोन चुलींवर आक्का तांदळाच्या भाकऱ्या टाकायची. आक्काच्या भाकरीचं पाहुणे फार कौतुक करायचे. तिला खोकला होता, पण तो इतका जुना की तो तिच्या आवाजाचाच भाग झाला होता. ती कुठं आहे हे आम्हाला खोकल्यावरून कळायचं.

सिस्टरच्या समोर मी, दादा आणि वहिनी बसलो होतो. शेवटी दादा म्हणाला, "जरा बोलतो आमी, मंग सांगतो."

खाली उपाहारगृहात चहा घेतला. दादा कपाकडे बघत राहिला. बोलली ती वहिनी.

"ताई, मी सपष्ट सांगते. सासूबाई अंथरुनाला खिळल्या व्हत्या तवा सगळं मीच काडलं. वन्सं व्हत्या मदतीला, न्हाई म्हनत न्हाई. पन आता मला न्हाई व्हायचं. त्यात हे मशीन. कायबाय चुकलं तर लोकं मलाच नावं ठिवतील. आन शेड तर त्यांच्या खिडकीलाच लागून हाय. धूर कुटं जाईल?"

ती रागाने बोलत नव्हती. तिचा चेहरा थकलेला होता, आणि ती सांगत होती ते खरंच होतं. आईचं सगळं तिनेच काढलं होतं. मी तेव्हा सणावारी पेढे घेऊन जात होते.

"माझ्याकडे नेते," मी म्हणाले.

दादा म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर?"

"वर गेली की गेली. उतरायचं कशाला आहे?"

हे वाक्य मी सहज बोलले. त्याचा अर्थ पुढे रोज डोळ्यांसमोर राहिला.

वर जाऊन सिस्टरला सांगितलं तेव्हा तिने कागदावरून नजर उचलून आक्काच्या खाटेकडे पाहिलं. "मावशींना विचारलं का?" ती म्हणाली. आक्का डोळे मिटून पडली होती. दादा म्हणाला, "तिला काय इचारायचं, ती कुटंबी ऱ्हाईल. तिचं काय म्हननं नसतं." आक्काने डोळे उघडले नाहीत. जागी होती की नाही कोण जाणे.

आमचं घर लोणावळ्याच्या बाजारापासून आत, जुन्या इमारतीत. लिफ्ट नाही. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला निळं प्लास्टिक बांधलेलं असतं, तरी आत ओल येतेच. माझे यजमान रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी हे काम अंगावर घेतलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा आधार वाटला. आतल्या खोलीतलं कपाट बाहेर काढलं. मागची भिंत बुरशीने काळी झाली होती. ती घासून, सुकवून, रंग देऊन घेतली. पावसात रंग सुकेना म्हणून आठवडाभर खोलीत पंखा आणि बल्ब लावून ठेवला. इन्व्हर्टरची जोडणी त्यांनी स्वतः केली. देवघर स्वयंपाकघरातून उचलून सज्जात नेलं, कारण ऑक्सिजनच्या जवळ उदबत्ती नको, समई नको. त्या वर्षी गणपतीची आरती आम्ही सज्जात, कापराशिवाय केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अशी कशी आरती?" मी म्हणाले, "अशीच, यंदा."

मिरचीची फोडणी बंद झाली. मी खाली तळमजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाऊन फोडणी करून कढई वर घेऊन यायचे. मग तेही जमेना. आम्ही उकडलेलं, वरून तेल घातलेलं जेवायला शिकलो. यजमान एकदा नुसतं म्हणाले, "घराला वास राहिला नाही." तक्रार नव्हती ती. पण मलाही ते कळत होतं. बाहेरून दार उघडून आत आलं की रुग्णालयात आल्यासारखं वाटायचं.

आक्काला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. वर आल्यावर ती खोली बघून म्हणाली, "लय केलंस गं बाय." आणि मग मशीनकडे बघून, "ह्यो डबा माझ्यासंगंच ऱ्हानार का?"

"हो."

"मंग तुमाला झोप कशी येनार? लय आवाज हाय त्याचा."

सिस्टरने सगळं नीट समजावून दिलं होतं. एक गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगितली. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा ठरलाय तेवढाच ठेवायचा. दम लागला तर बसवा, पुढं टेकू द्या, ओठ चिमटून हळू श्वास सोडायला सांगा, वाफ द्या, आम्हाला फोन करा, पण आकडा वाढवू नका. तिच्या शरीराला वर्षानुवर्षं कमी ऑक्सिजनची सवय झाली आहे. एकदम जास्त दिला तर बरं वाटल्यासारखं दिसतं, पण आतला वाईट वायू साठत जातो, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. हे ऐकून मला विचित्र वाटलं होतं. दम लागलेल्या माणसाला जास्त हवा द्यायची नाही, हे मनाला पटतच नाही. यजमानांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

आक्का कधी हट्ट करायची नाही. सांगितलं तेव्हा मास्क लावायची, सांगितलं तेव्हा खायची. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की विचारायची, "पास का नापास?" लांब नळी नाकाला लावून ती संडासापर्यंत आणि सज्जापर्यंत जाऊ शकायची. सज्जातून समोरच्या इमारतीची निळी प्लास्टिकं दिसत आणि मध्ये धुकं. ती तिथे खुर्चीत बसायची आणि काही वेळाने आत यायची.

"काय बघतेस?" मी विचारायचे.

"बगायला काय हाय हितं? भिंत हाय. आपल्याकडं पोटरीला आलं आसंल भात."

दादा फोन करायचा तेव्हा ती तेच विचारायची. खाचरात पाणी किती हाय. वरच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली का. तांबडी गाय व्याली का. मग फोन मला देताना म्हणायची, "तुला काय बोलायचं आसंल तर बोल," आणि तोंड भिंतीकडे करायची.

दिवाळी आली. फटाक्यांच्या दिवसांत आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. कार्ल्याहून भाऊबीजेला दादा आला. तो दाराशीच घुटमळला, चपला काढायला वेळ लावला. आक्काने बसल्या बसल्या ओवाळलं, निरांजनाशिवाय, नुसत्या सुपारीने आणि अक्षतांनी. दादाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "आक्का, बरी झालीस की घरी नेतो तुला." आक्का म्हणाली, "व्हय."

ती बरी होणार नव्हती हे तिघांनाही माहीत होतं.

पौषात शाळेत पुस्तकांची मोजणी होती. मी बरीच रजा घेतली होती, आता एक दिवस तरी जाणं भाग होतं. यजमानांना नेमकं त्याच दिवशी निवृत्तिवेतनाच्या कामाला पुण्याला जायचं होतं. दादाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "मी येतो की. एक दिवस बहिनीजवळ बसायला मला काय हुतंय?" तो सकाळीच आला, पिशवीत इंद्रायणीचे नवे तांदूळ घेऊन. मी त्याला सगळं दाखवलं. बटणाचंही सांगितलं. तो मान हलवत होता.

दुपारनंतर मी परत आले तर दादाने दार हळूच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय. आशी गाड झोपलीय, लय दिसांनी झोपली आसंल बग. आदी लय तगमग झाली तिची. आता शांत हाय."

मी आत गेले. आक्का उताणी पडली होती. चेहरा लालसर, हात गरम, तोंड उघडं, आणि श्वास खोल, सावकाश, घोरल्यासारखा. मी हाक मारली. खांदा हलवला. पापणीसुद्धा हलली नाही. मग माझी नजर मशीनकडे गेली. चिकटपट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती.

मी आकडा खाली आणला, तोंडाला मास्कचं मशीन लावलं, रुग्णवाहिकेला फोन केला. हे सगळं माझ्या हातांनी केलं. मी नुसती त्या हातांकडे बघत होते. दादा मागे उभा राहून विचारत होता, "का गं? काय झालं? झोपू दे की तिला." बोलायला वेळ नव्हता. जिन्यावरून तिला खाली नेताना शेजारची दोन माणसं धावून आली. एकाने विचारलं, "गेल्या का?" दादाने त्याला ढकललं.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मशीन कुणी वाढवलं?"

"घरातल्याच कुणीतरी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. बहुधा हे त्यांना नवीन नव्हतं.

दादा बाहेर बाकावर बसला होता. वहिनीचा फोन आला तेव्हा तो तिला सांगत होता, "नशीब मी व्हतो तितं. येकटी आसती तर काय झालं आसतं? निदान दोन घटका सुकानं झोपली तरी. माझ्या म्होरं झोपली." मी त्याच्या शेजारी बसून ते ऐकलं. त्याच्या शर्टाला अजून नव्या तांदळाचा वास येत होता. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

आक्का शुद्धीवर आली, पण आधीची राहिली नाही. शब्द शोधावे लागायचे. खाटेवरून उठून बसायलाही दोघांचा आधार लागायचा. जरा बोलण्याइतकी झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मास्क काढून दोन शब्द, परत मास्क, परत दोन शब्द, असं ती बोलत होती.

"त्याला काय बोललीस का?"

"कुणाला?"

"दादाला."

"नाही."

"नगं बोलू. माजाच जीव घाबरला व्हता. मीच म्हनलं त्याला, वाढीव म्हनून."

तिला त्या बटणाचं नीट माहीत होतं. सिस्टरने तिच्यासमोरच सांगितलं होतं, आणि ती कधी एकदाही वाढव म्हणाली नव्हती. दादाला वाचवायला ती खोटं बोलत होती, की त्या दिवशी दमाने इतकी हैराण झाली होती की खरंच म्हणाली, हे मला आजही सांगता येत नाही. मी हो म्हणाले. तिने मास्क परत लावला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्यांदा घरी सोडायची वेळ आली. तीच सिस्टर, तेच टेबल. पण या वेळी डॉक्टरही बसले. म्हणाले, असं पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी घशात नळी घालावी लागेल. ती घातली की निघेलच असं नाही. घालायची की नाही हे आताच ठरवा, आणि आधी त्यांना विचारा. आम्ही सगळे आक्काच्या खाटेभोवती गेलो. डॉक्टरांनी सोप्या भाषेत तिला सगळं सांगितलं. मग सिस्टर वाकून म्हणाली, "मावशी, तुमचं काय म्हणणं आहे? कुठं राहायचंय?"

मला वाटलं, नेहमीसारखं म्हणेल, कुठंही. तिने मास्क बाजूला केला.

"नळी नगं. आन मला कार्ल्याला जायचंय. माज्या घरी."

माझ्या घरी. सत्तरीच्या उंबरठ्यावर तिने पहिल्यांदा हा शब्द वापरला. दादा खाली बघू लागला. मी वहिनीकडे बघायचं टाळलं.

वहिनी पुढे झाली. पदराने तिने आक्काच्या कपाळावरचा घाम पुसला. "चला की मंग, वन्सं. रस्त्याकडंची पयली खोली तुमची. पाहुन्यांना दुसरीकडं पाठवू. शेड बंद ठिवते मी, काय नडत न्हाई."

नंतर जिन्यात मी तिला विचारलं, "वहिनी, जमेल का तुला?"

"न्हाई जमनार," ती म्हणाली. "पन आता काय करता? माज्या घरी म्हनल्या त्या." मग जरा थांबून, "ते मशीन यांनीच वाढीवलं ना?"

मी पायऱ्या उतरू लागले.

"मला ठावं हाय. घरी येऊन लय खुशीत सांगत व्हते, जरा वाढीवलं आन कशी झोपली म्हनून. मी सिस्टरला फोन लावून इचारलं आसं केलं तर काय हुतं. यांना न्हाई सांगितलं. सांगून काय करू? माती व्हईल त्या मानसाची."

माघात आक्का कार्ल्याला गेली. पाहुण्यांच्या खोलीत मोठी खिडकी होती, आणि खिडकीतून कापणी झालेली खाचरं, त्यापलीकडे डोंगर. यजमानांनी तिथेही इन्व्हर्टर जोडून दिला. मी शनिवारी जायचे, सोमवारी परत यायचे. शेड खरोखर बंद होती. पाहुणे कमी झाले. 'चुलीवरचं जेवण' ही पाटी दादाने गोणपाटाने झाकली, तरी गाडी थांबवून लोक विचारायचेच.

फाल्गुनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. राब भाजायचे दिवस आले. भाताची रोपं टाकायची त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरून ते पेटवतात. आठवडेच्या आठवडे गावावर धूर राहतो. मी लहानपणापासून तो बघत आले, पण धूर म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. दादा भावकीत घरोघर गेला. "आमच्या अंगाची खाचरं जरा थांबवा," म्हणाला. बहुतेकांनी ऐकलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कवापतूर थांबायचं?" दादाने टोपी काढून हातात घेतली. म्हातारा समजला. "बरं बरं. थांबतो," म्हणाला आणि आत गेला. लांबच्या शेतांतला धूर तरी यायचाच. होळीच्या दिवशी वहिनीने खिडकीला ओली चादर बांधली. दिवसभर ती पाणी मारत राहिली.

आक्का त्या दिवसांत सुखी होती असं मी लिहिणार नाही. तिला फार त्रास होता. पाणी पिताना दम लागायचा. पाठीला जखम झाली. कधी कधी ती मला ओळखायची नाही, आईच्या नावाने हाक मारायची. पण खिडकीकडे तोंड करून ठेवलं की तगमग कमी व्हायची. एकदा बराच वेळ बाहेर बघून म्हणाली, "बांध फुटलाय की रं तितं." दादा लगेच फावडं घेऊन गेला. बांध फुटला नव्हता. तरी त्याने तिला दिसेल असं दोन-चार फावडी माती ओढून टाकली.

चैत्रातल्या एका दुपारी ती गेली. मी तिथे नव्हते. वहिनी तिला पेज भरवत होती. दोन चमचे घेतले, तिसरा नको म्हणून मान वळवली, आणि मग मान तशीच राहिली. वहिनीने डॉक्टरांना फोन केला, पण रुग्णवाहिका बोलावली नाही, ठरल्याप्रमाणे. मग मला फोन केला. मागे मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. "बंद कर ते," मी म्हणाले. "करते," ती म्हणाली, पण आवाज चालूच राहिला. "हात हुईना," ती म्हणाली.

दिवसकार्य झाल्यावर मी दोन दिवस राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहिनी भांडी घासताना मध्येच थांबते आणि ओट्याला टेकते. खोकला फार नव्हता. मी तिला धरूनच तळेगावला नेलं. फुप्फुसं तपासायला तिथं तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिला हसू येत होतं. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, पण आताच धूर थांबवला तर एवढ्यावर थांबेल. बाहेर तीच सिस्टर भेटली. आक्काचं कळल्यावर तिने वहिनीचा हात धरला आणि विचारलं, "घरी स्वयंपाक कशावर करता?" वहिनी म्हणाली, "गॅसवर."

आम्ही गाडीने घरी निघालो. कार्ल्याचा फाटा आल्यावर वहिनी म्हणाली, "शेडच्या नादाला मी आता लागत न्हाई, ताई. बास झालं."

तिने शब्द पाळला. पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा पाटीवरचं गोणपाट काढलेलं होतं. गाड्या उभ्या होत्या. शेडमधून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आत गेले तर डोंगरावरच्या वाडीतली एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा बरीच लहान, पदर नाकावर ओढून. एकामागून एक भाकरी तव्यावर जात होती. हात चांगला होता तिचा.

मी दारात उभी राहून विचारलं, "धुराचा त्रास होत नाही का गं?"

तिने डोळे पुसले आणि हसली. "हुतो की. पन मावशी, आमच्याकडं वर काय काम हाय? हितं दर शनिवारी हाय."